महाडचे भाषण : आवाहन आणि संयम

अॅरिस्टॉटलने सांगितलेली तर्क, भावना आणि वक्त्याचे शील ही आवाहनांची त्रयी बहुधा सुटी सुटी तपासली जाते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले भाषण या पद्धतीची मर्यादा दाखवते. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने कोणी अमर होणार नाही, हे ते प्रथमच मान्य करतात. मग प्रश्न तहानेचा न उरता माणूस म्हणून समतेचा ठरतो. पुढे १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी परिषदेची तुलना येते. ती केवळ दृष्टान्त नव्हे. याचक म्हणून हिणवल्या गेलेल्या श्रोत्यांना ती इतिहासाचे कर्ते ठरवते. वक्त्याच्या शीलाची प्रतिष्ठा येथे श्रोत्यांना मिळते.

याची कसोटी परिषदेतच लागली. तळ्यावर जाण्यास दिवाणी न्यायालयाची तात्पुरती मनाई होती. सत्याग्रहास सिद्ध झालेल्या त्याच समुदायाला आंबेडकरांनी तो तहकूब करण्यास राजी केले. नुसता भावनेने चेतवलेला जमाव असा थांबला असता काय? हक्काचा निवाडा पुढे १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागला. मराठी वक्तृत्वाच्या अभ्यासाने म्हणूनच वक्त्याच्या शैलीइतकाच, भाषणाने श्रोत्याला दिलेल्या स्थानाचाही विचार करायला हवा.