हेडलाइट : जुळवणी व निगा

मोटारीच्या पुढच्या दिव्यांचा झोत योग्य कोनात बसवणे व दिवे स्वच्छ राखणे. ठाण्यातील नौपाड्यात, गोखले रोडच्या झगमगाटात झोताचा दोष सहसा कळत नाही; तीन हात नाक्यावरून पूर्व द्रुतगती महामार्गाला लागले, की तो पुढच्या गाडीच्या आरशात दिसतो. झोत खाली वळलेला असावा, ही अट केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहे.

तपासणीसाठी टायरांत नीट हवा भरून गाडी सपाट जागी भिंतीपासून ५ मी. अंतरावर उभी करतात, चालकाच्या जागी कोणाला तरी बसवतात. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंमी. खाली पडावी. भारतात वाहने डावीकडून चालत असल्याने ही कड डाव्या बाजूला थोडी वर चढते. तो बिघाड नव्हे. कमीजास्त असल्यास दिव्यामागचा स्क्रू फिरवतात. डिकी भरली, की गाडीचे नाक वर होते. म्हणून अनेक गाड्यांत डॅशबोर्डवर झोत उतरवणारे चाक असते. ते बहुतेकांना ठाऊकच नसते.

पॉलिकार्बोनेटची काच उन्हाने पिवळी पडते, पॉलिशने उजळते. हॅलोजन बल्ब बदलताना त्याच्या काचेला बोट लावू नये, तेलकट डागाने तो लवकर जातो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारू एलईडी बसवल्यास उजेड विखुरतो व जुळवणी व्यर्थ ठरते.