दोन रकाने

बाबांच्या हिशेबाच्या वह्या ठेवायच्या की रद्दीत द्यायच्या, यावर आमच्या घरात गेली दोन वर्षं चर्चा चालू आहे. (आईचं मत: ठेवा. बाकीच्यांचं मत: आईला विचारा.) परवा त्यातली १९९९ ची वही हाती लागली. दूध, किराणा, भिशी... आणि मधेच एका पानावर पेन्सिलीने आखलेले दोन रकाने. डावीकडे ‘सेलेरॉन ३०० ए’, उजवीकडे ‘के६-२ ३००’. खाली मदरबोर्ड, मेमरी, हार्ड डिस्क, आणि प्रत्येकापुढे दोन-दोन किमती.

डावा रकाना म्हणजे आम्ही घेतलेला कॉम्प्युटर. उजवा माझ्या चुलतभावाचा, म्हणजे दादाचा. त्याने चिंचवडला डीटीपीचं छोटं दुकान टाकलं होतं. लग्नपत्रिका, लेटरहेड, हॅंडबिलं, असं काम. दादा सकाळच्या सिंहगडने मुंबईला जाऊन, लॅमिंग्टन रोडवर दिवसभर घासाघीस करून, सगळे सुटे भाग एका रेक्झिनच्या बॅगेत घालून रात्री परत आला होता. मी तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. म्हणजे जगातलं सगळं मला कळत होतं. त्या वर्षी गणपतीत, घरभर माणसं असताना, दादाच्या मशीनबद्दल मी म्हटलं, “एएमडी ना? म्हणजे डुप्लिकेट.”

दादा काही बोलला नाही. मोदक खात राहिला.

त्या शब्दाबद्दलच आज लिहायचं आहे. पण आधी थोडा इतिहास, म्हणजे दोन्ही रकान्यांना न्याय मिळेल.

मे १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम टू आणला. काळ्या प्लॅस्टिकच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेला, वेगवान आणि महागडा. त्याच वर्षी अमेरिकेत स्वस्त कॉम्प्युटरची लाट आली होती. कॉम्पॅकने सायरिक्स कंपनीची चिप घालून प्रेझारिओ २१०० हे मॉडेल ९९९ डॉलरला विकायला काढलं होतं. स्वस्त चिपांचं गिऱ्हाईक हातचं जातंय हे बघून इंटेलने एप्रिल १९९८ मध्ये सेलेरॉन आणला. वेग २६६ मेगाहर्ट्‌झ, किंमत १५५ डॉलर. गाभा पेंटियम टूचाच. मग स्वस्त कसा झाला? त्यातली दुसऱ्या पातळीची कॅश सरसकट काढून टाकली होती.

कॅश म्हणजे काय, हे आईला मी असं सांगितलं होतं: फोडणी करताना हाताशी असतो तो मिसळणाचा डबा, ही पहिली पातळी. ओट्यामागच्या फळीवरच्या बरण्या, ही दुसरी. आणि कोपऱ्यावरचा वाणी म्हणजे मेमरी. पहिल्या सेलेरॉनच्या स्वयंपाकघरात फळीच नव्हती. मिसळणाच्या डब्यात नसेल ते आणायला दर वेळी वाण्याकडे पळायचं! गेममध्ये तो चिवट होता, पण रोजच्या ऑफिसकामात त्याच वेगाच्या पेंटियम टूच्या स्पष्ट मागे पडायचा. गंमत अशी की जाहिरातीत छापायचा आकडा, २६६, तसाच राहिला होता. जे काढलं ते गिऱ्हाइकाला न दिसणारं होतं.

टीका झाली, आणि चारच महिन्यांत, ऑगस्ट १९९८ मध्ये, सेलेरॉन ३०० ए आला. किंमत १४९ डॉलर. यात १२८ केबीची कॅश थेट चिपच्या पोटात होती आणि चिपच्याच वेगाने चालायची. पेंटियम टूची कॅश ५१२ केबी, पण निम्म्या वेगाची. म्हणजे फळी लहान, पण अगदी हाताजवळ. परिणाम असा की स्वस्तातला धाकटा भाऊ महागड्या थोरल्याच्या बरोबरीने धावू लागला. शिवाय त्याची ६६ मेगाहर्ट्‌झची बस १०० वर नेली, तर बरेच ३०० ए सरळ ४५० मेगाहर्ट्‌झवर चालत. माझाही चालला. आठवडाभर मी कॉलेजात दुसरा विषय बोललो नाही.

आता उजवा रकाना. एएमडीचा के६-२ मे १९९८ मध्ये आला. त्याची पहिल्या पातळीची कॅश ६४ केबी, सेलेरॉनच्या दुप्पट. मिसळणाचा डबा मोठा! दुसऱ्या पातळीची मात्र मदरबोर्डवर असायची, आणि ती १०० मेगाहर्ट्‌झनेच चालायची. फळी ऐसपैस, पण खोलीच्या पलीकडच्या भिंतीला. दशांश अपूर्णांकांच्या गणितात तो कच्चा होता. इंटेलच्या चिपमध्ये पहिलं गणित पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू करता यायचं, के६-२ मध्ये तसं नव्हतं. त्रिमितीय गेम्समध्ये हे जाणवायचं. त्यावर उपाय म्हणून एएमडीने ‘थ्रीडीनाऊ’ नावाच्या २१ नव्या सूचना घातल्या होत्या, पण त्या वापरून लिहिलेल्या प्रोग्रॅमलाच त्यांचा फायदा. पत्रं, पत्रिका, हिशेब या कामांत मात्र तो कुठेही कमी नव्हता. आणि पेंटियमच्याच जुन्या सॉकेटचं वाढवलेलं रूप तो वापरायचा, त्यामुळे मदरबोर्डही स्वस्त पडायचा.

आणि डुप्लिकेट? १९८२ च्या करारानुसार एएमडी इंटेलच्याच चिपा परवान्याने बनवत असे, कारण आयबीएमला एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायचं नव्हतं. पुढे ३८६ वरून दोघांत कोर्टकज्जे झाले. नकलेचा शिक्का तेव्हापासूनचा. पण के६ चं घराणं वेगळं होतं. ती रचना नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीची, जी एएमडीने १९९६ च्या सुरुवातीला विकत घेतली. पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम १९९५ मध्ये इंटेल सोडून याच नेक्सजेनमध्ये गेले होते. एप्रिल १९९७ मध्ये पहिला के६ बाजारात आला तेव्हा ते एएमडीत होते. आणि धाम यांचा जन्म कुठला, तर आपल्या पुण्याचा! मी पुण्यात बसून ज्याला डुप्लिकेट म्हणत होतो, त्यामागे पुण्यात जन्मलेला, पेंटियम घडवलेला माणूस होता.

तर, दोघांत सरस कोण? नुसत्या चिपा समोरासमोर ठेवल्या तर सेलेरॉन ३०० ए, हे मी आजही म्हणेन. पण कॉम्प्युटर नुसत्या चिपेवर चालत नाही, हे मला शिकायचं होतं.

फेब्रुवारी २००० मध्ये माझा प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायचा होता. ऐंशी पानं, आकृत्या, स्कॅन केलेले फोटो. माझ्या मशीनमध्ये मेमरी ३२ एमबी. जास्तीच्या पैशांत मी सेलेरॉनचा रकाना निवडला होता. फाइल उघडली की हार्ड डिस्क नुसती करकरत बसायची. ४५० मेगाहर्ट्‌झचा सेलेरॉन बिचारा वाण्याच्या रांगेत उभा! रात्री नऊ वाजता फ्लॉपी घेऊन दादाच्या दुकानात गेलो. त्याच्या मशीनमध्ये ६४ एमबी होती. चिप आणि बोर्डमध्ये वाचवलेले पैसे त्याने तिथे घातले होते. फाइल उघडली. दादाने आकृत्या सरळ केल्या, समास नीट केले, पहाटे दोनपर्यंत बसून छापून दिलं. मी गणपतीत काय म्हणालो होतो, त्याचा उल्लेखही नाही.

मधे वहिनी चहा घेऊन आली. तिच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. मी सहज विचारलं, “वहिनी, पाटल्या?” तिने हसून प्रिंटरकडे बोट दाखवलं.

त्या यंत्रावर दादाने २००४ पर्यंत पत्रिका काढल्या. त्यातलीच एक माझ्या लग्नाची.

स्वस्त वस्तूत काहीतरी कमी केलेलं असतंच. प्रश्न असतो तो काय कमी केलंय, आणि नेमकं तेच आपल्याला लागणार आहे का, हा. दादाने तो प्रश्न लॅमिंग्टन रोडवर उभं राहून स्वतःला विचारला होता. मी पाटीवरचं नाव वाचलं होतं.

आता वहीचं ते पान. परवा नीट पाहिलं तेव्हा दिसलं की उजव्या रकान्यात ‘मेमरी ६४’ च्या खाली बाबांनी पेन्सिलीने दोन रेघा मारल्या आहेत. म्हणजे त्यांना कळलं होतं. तरी पैसे त्यांनी डाव्या रकान्याचेच दिले, कारण मला तो हवा होता. त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

दादा मात्र आहे, आणि हे वाचणार आहे. दादा, पंचवीसेक वर्षं उशीर झालाय, पण तो शब्द मी परत घेतो. वहिनीलाही सांग. आणि हो, वही ठेवायची ठरली आहे.