निषिद्ध भार : स्तनकर्करोगानंतरचा हात आणि व्यायामचिकित्सेचा इतिहास

वैद्यकाच्या इतिहासात औषधांच्या शोधास जेवढे स्थान मिळते, तेवढे पथ्यांच्या उत्पत्तीस मिळत नाही. औषधाच्या गुणाची परीक्षा होते. पथ्याची परीक्षा घ्यावी असे सहसा कोणास वाटत नाही. पथ्य पाळल्याने निदान अपाय तरी होणार नाही, अशी आपली समजूत असते. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूच्या हाताने जड वस्तू उचलू नये, हे असेच एक पथ्य होय. ते कसे रूढ झाले आणि पुढे कोणी व कोणत्या रीतीने ते पारखून पाहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. स्तनाबरोबरच छातीचे स्नायू व काखेतील लसीकाग्रंथी काढून टाकणे, हे तिचे स्वरूप होते. पुढे कित्येक दशके हीच पद्धती प्रमाणभूत मानली गेली. ऊतींमधून रक्ताकडे परतणाऱ्या लसीकेचे मार्ग मात्र तिच्यामुळे खंडित होत. द्रव हातात साठे आणि हात सुजे. स्वतः हॉल्स्टेड यांनी १९२१ मध्ये या सुजेवर निबंध लिहिला व तिला ‘शस्त्रक्रियाजन्य हत्तीरोग’ अशा अर्थाचे नाव दिले. काखेवर किरणोपचार केल्यासही हाच धोका संभवतो.

या धोक्यातून पथ्य उत्पन्न झाले. श्रमाने रक्तप्रवाह वाढतो, त्याबरोबर लसीकाही वाढते, आणि उरलेल्या थोड्या मार्गांतून ती वाहून जाऊ शकत नाही. म्हणून श्रम टाळावेत, असा हा तर्क. तो असमंजस नव्हता, परंतु एकांगी होता. स्नायूंच्या आकुंचनाने लसीका पुढे ढकलली जाते, ही त्याच क्रियेची दुसरी बाजू त्यात दुर्लक्षित राहिली. शिवाय न वापरलेला हात दुबळा होतो आणि दुबळ्या हातास नित्याचे कामही भारी पडते, याचा हिशेब कोणी मांडला नाही. पाण्याची बादली उचलणे, मूल कडेवर घेणे, सामानाची पिशवी आणणे, ही कामे वर्ज्य झाली म्हणजे रोग गेल्यानंतरही स्त्री रुग्णच राहते. जिचे पोट हाताच्या श्रमावर चालते, तिच्या बाबतीत तर हे पथ्य उपजीविकेवरच येते.

विश्रांतीविषयीच्या श्रद्धेस सर्वसाधारण वैद्यकात पूर्वीच धक्का बसला होता. इंग्लंडमधील वैद्य रिचर्ड ॲशर यांनी १९४७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणास खिळून राहण्याचे धोके मार्मिकपणे दाखविले. कर्करोगाच्या क्षेत्रात मात्र पुढाकार शल्यगृहाबाहेरून आला, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९५२ मध्ये स्वतः ही शस्त्रक्रिया झालेल्या न्यूयॉर्कच्या टेरेसे लॅसर यांनी इतर रुग्णांस भेटण्याचा उपक्रम सुरू केला. त्या आपल्याबरोबर व्यायामासाठी रबरी चेंडू व दोरी नेत. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हा उपक्रम आपल्याकडे घेतला. १९८९ मध्ये मॅकव्हिकर, विनिंगहॅम व निकेल यांचा अभ्यास परिचर्याशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रासायनिक उपचार चालू असतानाही स्थिर सायकलवरील दहा आठवड्यांच्या नियमित व्यायामाने रुग्णांची कार्यशक्ती वाढते, असे त्यात दिसून आले.

भाराच्या पथ्यास प्रत्यक्ष आव्हान १९९६ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे मिळाले. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील क्रीडावैद्यकाचे अभ्यासक डॉन मॅकेन्झी यांनी स्तनकर्करोगातून उठलेल्या २४ स्त्रियांना ‘ड्रॅगन बोट’ नावाची लांब नौका वल्हविण्यास शिकविले. खांदे व दंड यांना याहून कष्टाचे काम क्वचितच असेल. तरीही हाताच्या सुजेचा नवा रुग्ण आढळला नाही, असे त्यांनी १९९८ मध्ये नमूद केले. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने हा पुरावा निर्णायक नव्हता. परंतु त्यामुळे प्रश्न विचारण्यास धैर्य आले.

निर्णायक परीक्षा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथरिन श्मित्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. हात आधीच सुजलेल्या १४१ स्त्रियांची त्यांनी यदृच्छेने दोन गटांत विभागणी केली. एका गटाने वर्षभर आठवड्यातून दोनदा वजने उचलली. प्रारंभी भार अत्यल्प असे; त्रास न झाल्यास तो पायरीपायरीने वाढवीत, आणि व्यायामाच्या वेळी हातावर दाब देणारे आवरण असे. जुन्या भीतीस अनुसरून पाहता या गटाची सूज वाढावयास हवी होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सूज लक्षणीय वाढलेल्यांचे प्रमाण व्यायामगटात ११ टक्के व दुसऱ्या गटात १२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. विकार बळावण्याचे प्रमाण तर अनुक्रमे १४ व २९ टक्के आढळले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या प्रयोगाने सिद्ध झाली ती देखरेखीखालील, क्रमाक्रमाने वाढणाऱ्या भाराची निर्धोकता; वाटेल तसे ओझे उचलण्याची नव्हे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील उपचारांनंतर तीन वर्षे मार्गदर्शनपूर्वक व्यायाम केल्याने आयुर्मानातही लाभ होतो, असे ८८९ रुग्णांच्या प्रयोगातून २०२५ मध्ये पुढे आले. परंतु एका रोगाचा निष्कर्ष दुसऱ्यास परस्पर लावणे हे पुन्हा जुन्याच प्रमादाकडे वळणे होईल.

जुने पथ्य सांगणारे शल्यचिकित्सक अज्ञ वा निष्ठुर नव्हते. रुग्णाच्या काळजीपोटीच त्यांनी ते सांगितले. परंतु काळजी हे प्रमाण नव्हे. ‘करा’ असे सांगणाऱ्यावर पुराव्याचा जो भार पडतो, तोच ‘करू नका’ असे सांगणाऱ्यावरही पडला पाहिजे, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय. तो भार दीर्घकाळ कोणी उचलला नाही; म्हणून असंख्य स्त्रियांना आपल्या हाताचे बळ अकारण गमवावे लागले.