तोफेनंतरचा रस्ता

‘घाशीराम कोतवाल’ हे नाव उच्चारले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर विजय तेंडुलकरांचे १९७२ साली रंगभूमीवर आलेले नाटक उभे राहते. सत्तेने पोसलेला आणि उपयोग संपताच जमावापुढे टाकून दिलेला कोतवाल ही प्रतिमा इतकी प्रभावी ठरली, की तिच्या सावलीत प्रत्यक्ष कोतवाली झाकली गेली. या कोतवालीशी रोजचा संबंध येई तो पेठेतल्या माणसाचा. दुकान मांडणारा वाणी, गोणी वाहणारा हमाल, समईच्या उजेडात खतावणी लिहिणारा गुमास्ता, ही ती माणसे. शहराच्या बंदोबस्ताविषयी त्यांना काय वाटत असेल? त्यांनी बखरी लिहिल्या नाहीत. पण बंदोबस्त त्यांच्या अंगावर कसा येत होता हे पाहिले, तर काही अंदाज बांधता येतो.

पेशवाईतला कोतवाल हा निव्वळ पोलीस अधिकारी नव्हता. बाजारभावांवर देखरेख, वजनमापांची तपासणी, किरकोळ तंट्यांचा निवाडा, घरांच्या खरेदीविक्रीची नोंद आणि दंडाची वसुली ही सारी कामे त्याच्याकडे असत. चोरापासून राखणारा आणि माप कमी भरले म्हणून दंड करणारा हात एकच होता. व्यापाऱ्याच्या मनात कोतवालीविषयी विश्वास आणि धास्ती एकत्र नांदत असली पाहिजेत, ती यामुळेच.

पेशव्यांच्या नोकरीत असलेल्या विल्यम टोन या आयरिश अधिकाऱ्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या बंदोबस्ताची तारीफ केली आहे. रात्री दहाला तोफ होई. त्यानंतर रस्त्यावर सापडेल त्याला गस्तवाले पकडून ठेवीत आणि सकाळी कोतवालापुढे उभे करीत. खुद्द पेशव्यांनाही एकदा रात्रभर अडकून पडावे लागले, अशी कथा तो सांगतो. कथा खरी असो वा नसो, ती कायद्याच्या समदृष्टीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. पण पेशव्यांना एक रात्र अडकणे आणि धन्याचा हिशेब जुळेना म्हणून उशीर झालेल्या गुमास्त्याला अडकणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. तोफेने दुकानातला माल सुरक्षित झाला. दुकानातून घरी निघालेला माणूस मात्र त्याच तोफेने संशयित ठरला. कोंडण्याचा हा अधिकार किती भयंकर होऊ शकतो, हे १७९१ मध्ये दिसले. घाशीरामाच्या अमलात कोंडलेले अनेक तैलंग ब्राह्मण गुदमरून मेले आणि संतप्त जमावाने कोतवालाला दगडांनी ठेचले.

याच काळात गावगाड्यात संरक्षणाची दुसरी एक रीत होती. रामोशी वा जागल्या गावाची राखण करी आणि चोरी झालीच तर चोराचा माग काढी. माग शेजारच्या शिवेत गेला, की जबाबदारी त्या गावावर जाई. माग हरवला तर भरपाईचा प्रश्न राखणदाराच्या गळ्यात येई. या रीतीत जुलूम होता, जातीची उतरंड होती; तिचे उदात्तीकरण करू नये. पण ‘माझे नुकसान झाले तर उत्तर कोण देणार?’ या प्रश्नाला तीत नेमके उत्तर होते. १८१८ नंतर ही व्यवस्था ढासळत गेली, अनेक रामोशी आपल्या हक्कांना मुकले, आणि कालचा राखणदार सरकारदप्तरी दरोडेखोर म्हणून नोंदला जाऊ लागला. १८३२ मध्ये पुण्यात फाशी गेलेल्या उमाजी नाईकांच्या बंडामागे हीही वेदना होती.

उत्तर द्यायचे नाही आणि पैसा मात्र घ्यायचा, असे झाले की काय होते ते उत्तर हिंदुस्थानात १८१६ साली दिसले. कंपनी सरकारने बरेली शहरावर चौकीदारी कर बसवला. चौकीदार सरकारचे, त्यांचा पगार रहिवाशांनी आणि दुकानदारांनी भरायचा. दुकाने बंद झाली, मुफ्ती मुहम्मद ऐवज यांच्याभोवती लोक गोळा झाले, आणि अखेर सैन्याबरोबरच्या चकमकीत शेकडो माणसे मारली गेली. राखण नको, असे बरेलीकरांचे म्हणणे नव्हते. ज्याच्यावर आपला काही अधिकार चालत नाही, त्याचा पगार आपण का भरावा, हा त्यांचा सवाल होता.

माझे वडील एका भुसाराच्या दुकानात दिवाणजी होते. महिन्याच्या एक तारखेला रात्रीचा गुरखा पैसे मागायला येई. काठी आपटत, शिट्टी फुंकत फिरणारा हा माणूस चोर पकडील अशी कोणाचीच समजूत नव्हती. तरी मालक कुरकुरत पैसे देत आणि वडील न मागता चहा देत. या फरकाचा अर्थ मला फार उशिरा कळला. मालकाच्या दृष्टीने गुरखा कुलपाचा राखणदार होता. रात्री साडेदहाला सायकल काढणाऱ्या वडिलांच्या दृष्टीने तो निर्मनुष्य रस्त्यावरचा एक ओळखीचा आवाज होता.

आता पेठेतल्या दुकानांत कॅमेरे आहेत. पोलीस नोकरांची माहिती ठाण्यात नोंदवायला सांगतात. यात गैर काही नाही. पण एका कापडदुकानातला जुना विक्रेता मला म्हणाला, “सर, कॅमेरा दरवाज्याकडे एक आहे, आमच्याकडे तीन.” गुन्हे प्रतिबंधाच्या धोरणाविषयी याहून नेमके वाक्य मी ऐकलेले नाही. गल्ला मोजला की कमी भरतो तेव्हा पहिली नजर त्याच्यावर जाते. रात्री शटर ओढून तो एकटा निघतो तेव्हा त्याच्यावर कोणाचीच नजर नसते.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांची संमती, संरक्षण आणि घरी पोचवण्याची सोय आवश्यक ठरवली. घरी जाण्याचा रस्ता हा कामाच्या जागेचाच भाग आहे, हे यात मान्य झाले. मात्र त्या कायद्याच्या बहुतेक तरतुदी मुळात दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होत्या, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. पेठेतल्या दुकानात तीन-चार माणसे असतात. ती या मोजणीत बसत नाहीत.

चोऱ्या किती घटल्या यावरून आपण शहराची सुरक्षितता मोजतो. पेठेतला नोकर ती वेगळ्या मापाने मोजत आला आहे: दुकान बंद झाल्यावर घरी पोचेपर्यंत माझी जबाबदारी कोणाची? दहाच्या तोफेने या प्रश्नाला कोठडी हे उत्तर दिले होते. आपण अजून उत्तरच दिलेले नाही.