बुजवलेल्या कमानी : व्हॅरम पर्सीचं चर्च

मागच्या वेळी आपण मोठी कॅथेड्रल्स पाहिली. आज एका खेड्यातलं चर्च बघायचं आहे, तेही पडकं. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या टेकड्यांत व्हॅरम पर्सी नावाचं गाव होतं. आज तिथे त्या गावाचं एकही घर उरलेलं नाही, फक्त गवताखाली जोत्यांचे उंचवटे दिसतात. आपल्या महसुली भाषेत सांगायचं तर बेचिराख गाव. उभं आहे ते सेंट मार्टिनचं चर्च, तेही बिनछपराचं.

आता या चर्चची भिंत नीट बघा. कमानी आहेत, पण दगडांनी बुजवलेल्या. कमान बांधायची आणि मग बुजवायची, असं कोण करेल?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. मध्ययुगीन इंग्लंडात चर्चचे दोन भाग असत. वेदीकडच्या भागाची डागडुजी धर्मगुरूकडे आणि लोक जिथे उभे राहत त्या मधल्या दालनाची गावकऱ्यांकडे. म्हणजे मधलं दालन हा लोकांच्या खिशाचा हिशेब!

इथे पहिलं चर्च बहुधा लाकडी होतं, नंतर दगडी झालं. बाराव्या शतकाच्या अखेरीस माणसं वाढली, तेव्हा दक्षिणेची भिंत फोडून कमानी काढल्या आणि बाहेर पडवी जोडली. तेराव्या शतकात उत्तरेलाही तसंच केलं. पुढे माणसं घटली. पडव्या पाडल्या, कमानी बुजवल्या. सतराव्या शतकात वेदीचा भागही आखूड केला.

मग गाव कशाने गेलं? १३४९ची प्लेग, असं पटकन उत्तर येतं. पण प्लेगनंतरही इथे लोक राहत होते. मेंढपाळीत नांगरापेक्षा जास्त पैसा दिसू लागला आणि १५००च्या सुमारास उरलीसुरली कुटुंबंही हलवली गेली.

आणि खरी गंमत पुढेच आहे. गाव संपलं, चर्च संपलं नाही! कारण ते एका गावाचं नव्हतंच, धर्मग्रामाचं होतं. थिक्सेनडेलसारख्या शेजारच्या वस्त्यांतले लोक प्रार्थनेला, बारशाला, मयताला इथेच चालत येत. १८७०मध्ये थिक्सेनडेलला स्वतःचं चर्च मिळालं, तेव्हा इथला राबता आटला. शेवटची उपासना १९४९ सालची. १९५९मध्ये मनोऱ्याचा भाग कोसळला.

मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने इथे चाळीसेक वर्षं उत्खनन चाललं. चर्चच्या आवारात सुमारे सातशे सांगाडे मिळाले. हाडांच्या अभ्यासातून तिथली लेकरं साधारण किती वर्षं अंगावर पीत, हेही समजलं. या माणसांपैकी बहुतेकांचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

म्हणून सांगतो, जुनी वास्तू बघायला गेलात तर नुसतं नक्षीकाम बघू नका. भिंतीतला सांधा शोधा, बुजवलेलं दार शोधा. तिथे कुणीतरी जास्त माणसांसाठी जागा केली होती, आणि नंतर कुणाला तरी ती बंद करावी लागली होती.