वृत्ताचा नाद आणि काव्याचा आशय



या व्यासपीठावर उभे राहताना मला प्रथम आठवते ते वर्गातील सामुदायिक श्लोकपठण. श्लोकांचा अर्थ पुष्कळ पुढे कळला. त्यांची चाल मात्र आधीच अंगात भिनली होती. अर्थ न समजता केलेले पाठांतर म्हणजे पोपटपंची, असा आक्षेप आज घेतला जातो. त्या आक्षेपात नाद आणि अर्थ या दोन निराळ्या वस्तू आहेत, असे गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत टिकते, ते समर्थ रामदासांच्या दोन सुपरिचित रचनांच्या आधारे मी तपासू इच्छितो.

सतराव्या शतकात काव्य हे मुख्यतः कानांनी ग्रहण करावयाचे होते. ‘मनाचे श्लोक’ ही २०५ श्लोकांची रचना भुजंगप्रयात वृत्तात आहे. एक लघू व दोन गुरू मिळून होणारा ‘य’ गण चार वेळा आला, की बारा अक्षरांचा एक चरण सिद्ध होतो. हे वृत्त संस्कृतातून आलेले. तरीही मराठी कानाला ते परके वाटत नाही. याचे कारण मला मराठीच्या व्याकरणातच दिसते. ‘मन’ या शब्दाचे संबोधन ‘मना’, म्हणजे एक लघू व एक गुरू. गणाचा आरंभ त्यातच झाला. निषेधाचा शब्द ‘नको’, त्याचीही घडण तीच. आणि उपदेशाची विध्यर्थी रूपे पाहा : ‘करावे’, ‘धरावे’, ‘त्यजावे’. यांतील प्रत्येक शब्द म्हणजे संपूर्ण ‘य’ गणच होय. हाक मारणे, वारणे आणि सांगणे, हीच या काव्याची तीन कार्ये. आणि तिन्ही कार्यांचे मराठी शब्द वृत्ताच्या पावलात पाऊल टाकूनच येतात. उपदेशाचा ठामपणा असा त्या चालीतच मुरलेला आहे.

याच कवीची ‘करुणाष्टके’ घ्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध अष्टक मालिनी वृत्तात आहे. पंधरा अक्षरांच्या चरणाच्या आरंभी सलग सहा लघू येतात. मराठीत इतके लघू लागोपाठ सहजी जुळत नाहीत. म्हणताना श्वास अपुरा पडतो, जणू हुंदकाच दाटतो. मग दोन गुरू येतात आणि आठव्या अक्षरावर यती. विशेष हा, की मालिनीची शेवटची सहा अक्षरे म्हणजे दोन ‘य’ गण, अर्थात भुजंगप्रयाताचीच चाल. व्याकुळ मन धावत सुटते आणि प्रत्येक चरणाच्या अखेरीस पुन्हा स्थिर पावलावर येते. ‘करुणा’ हा शब्द ठाऊक नसलेल्या मुलालाही हा अनुभव म्हणता म्हणता येतो.

हा विचार आपल्या वडोदऱ्यात मांडताना माधव जूलियनांचे स्मरण अपरिहार्य आहे. त्यांचा जन्म १८९४ साली याच नगरीत झाला. ‘छंदोरचना’ या ग्रंथात त्यांनी मराठी पद्यरचनेची शास्त्रशुद्ध मांडणी केली आणि त्यासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ साली त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. कानाला जाणवणारी लय मोजता येते, तिची कारणे सांगता येतात, हा विश्वास त्या ग्रंथाने दिला.

आपल्या मुलांच्या घरात मराठी आणि रस्त्यावर गुजराती. बोलताना ‘राम’ या शब्दातील अंत्य ‘अ’ आपण गिळतो. पद्यात मात्र तो पूर्ण उच्चारावा लागतो, नाहीतर वृत्तच मोडते. नुसते डोळ्यांनी वाचणाऱ्याला ही मोडतोड कळतही नाही. म्हणून शाळेला माझी एकच विनंती आहे : रोज एक श्लोक, मोठ्याने, प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारून म्हणवून घ्यावा, आणि त्याच दिवशी त्याचा अर्थही सांगावा. मग त्या पाठांतराला पोपटपंची म्हणण्याचे कारण उरणार नाही.