कृत्रिम खुबा आणि मागे उरलेले दुखणे

इसवी सन १९६२ हे वर्ष प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दोन कारणांनी ध्यानात ठेवावे लागते. त्या वर्षीच्या १ ऑगस्टला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी या गावांच्या शिवारांचे कारखान्यांच्या वसाहतींत रूपांतर होण्यास वेग आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडातील लँकेशर परगण्यात, राइटिंग्टन येथील रुग्णालयात, जॉन चार्न्ली या शल्यविशारदाने पोलादाचा गोळा व पॉलिएथिलीनची वाटी असलेला खुब्याचा कृत्रिम सांधा प्रथम बसविला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु त्या काळात तरुणपणी या पट्ट्यात आलेला कामगार आज वार्धक्यात आहे आणि त्याचा खुबा झिजला तर चार्न्लीच्या परंपरेतील सांधाच त्यास बसविला जातो. संबंध जडला आहे तो असा.

या शस्त्रक्रियेला लॅन्सेट या वैद्यक-नियतकालिकातील एका लेखाने २००७ साली शतकातील शस्त्रक्रिया असा किताब दिला, आणि तो अनाठायी नव्हे. अंथरुणास खिळलेली माणसे तिच्यामुळे चालू लागली. तथापि शस्त्रक्रियेनंतर ज्यांचे दुखणे गेले नाही त्यांचा इतिहास अद्याप नीट लिहिला गेलेला नाही. बेझविक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली निरनिराळ्या अभ्यासांचा जो आढावा घेतला त्यात दीर्घकाळ दुखणे उरलेल्या खुबा-रुग्णांचे प्रमाण ७ ते २३ टक्के इतके आढळले. हे प्रमाण लहान नाही. मग हे लोक इतकी वर्षे नोंदींत का दिसले नाहीत? या प्रश्नाचे उत्तर काही अंशी वैद्यकात आहे आणि काही अंशी, माझ्या मते, भाषेत आहे. भाषेच्या अभ्यासकाने या क्षेत्रात पाऊल टाकण्याचे प्रयोजन एवढेच.

प्रथम साधनाचा इतिहास थोडक्यात पाहू. १८९१च्या सुमारास बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी क्षयाने नासलेल्या सांध्यांत हस्तिदंती गोळा बसवून पाहिला. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ साली काचेची टोपी वापरली, ती फुटे. १९३८ साली त्यांनी ती व्हिटॅलियम या मिश्रधातूची केली. पॅरिसच्या ज्यूडे बंधूंनी १९४६ साली ॲक्रिलिकचा गोळा आणला. यांपैकी शेवटच्या गोळ्याची एक हकीकत प्रसिद्ध आहे. तो बसविलेला एक रुग्ण चार्न्लीकडे आला. त्याची तक्रार अशी की, पुढे वाकले की खुबा कुरकुरतो आणि त्या आवाजाने बायको खोलीत थांबत नाही. या घरगुती गाऱ्हाण्यावरून चार्न्लीचे लक्ष घर्षणाकडे गेले आणि कमी घर्षणाचा सांधा ही कल्पना तेथून वाढीस लागली. टेफ्लॉनची वाटी वापरून केलेला त्याचा पहिला प्रयोग फसला. सुमारे ३०० रुग्णांच्या सांध्यांतील टेफ्लॉन झिजून त्याच्या कणांनी भोवतालच्या पेशींना इजा केली. नंतरचे पॉलिएथिलीन आले ते लँकेशरच्या कापडगिरण्यांच्या वाटेने. मागांच्या दातेरी चाकांसाठी ते विकणाऱ्या विक्रेत्याकडून चार्न्लीचा यंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने त्याचा तुकडा मिळविला आणि चार्न्लीचा उत्साह नसतानाही घासणी-यंत्रावर लावून ठेवला. म्हणजे आधुनिक खुब्याच्या वंशावळीत एक गिरणी आहे.

ही यांत्रिक वंशावळ आपल्या पट्ट्यातील बोलीला परकी वाटत नाही. ‘सांध्यातले वंगण संपले’ ही उक्ती येथे सर्रास ऐकू येते. ‘बॉल बदलला’, ‘वाटी बदलली’ हेही. (वाटी म्हटले की मराठी मनास गुडघा आठवतो, त्यामुळे खुब्यात वाटी बसविल्याचे सांगणाऱ्या माणसास ‘कोणत्या गुडघ्यात?’ असे विचारले जाते, ही गोष्ट वेगळी.) या रूपकाचा उपयोग आहे, शस्त्रक्रियेची भीती त्याने कमी होते. परंतु त्याच्या पोटात एक अन्याय दडलेला आहे. यंत्राचा झिजलेला भाग बदलला की यंत्र चालले पाहिजे. ते चालत नसेल तर भाग नवा आहे, क्ष-किरण चित्र स्वच्छ आहे, तेव्हा दोष चालविणाऱ्याचा, असा निष्कर्ष रूपकातूनच निघतो. ‘ऑपरेशन तर चांगले झाले’ हे वाक्य घरातही मग अशाच स्वरात उच्चारले जाते.

नोंदींची रचना या रूपकाला धरूनच झाली. स्वीडनने १९७९ साली खुब्याच्या कृत्रिम सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. इंग्लंड-वेल्सची २००३ साली आली. या नोंदवह्यांनी फार मोठे काम केले आहे. पण तेथे अपयशाची मुख्य खूण म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया. जो रुग्ण दुखणे सोशीत राहिला आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेस गेला नाही, त्याचा सांधा यशस्वी ठरला. सांध्याचे आयुष्य मोजले गेले, सांधा वागविणाऱ्याचे दिवस मोजले गेले नाहीत. रुग्णाच्या तोंडचे उत्तर स्वीडनच्या नोंदवहीत २००२ पासून व इंग्लंडच्या आरोग्यसेवेत २००९ पासून पद्धतशीरपणे घेतले जाऊ लागले.

त्यापूर्वीही गुणपत्रके होती. विल्यम हॅरिस यांनी १९६९ साली तयार केलेले १०० गुणांचे पत्रक जगभर वापरले जाते आणि आपल्याकडील शोधनिबंधांतही तेच आढळते. त्यात वेदनेला ४४ गुण आहेत, चालणे व दैनंदिन व्यवहार यांना ४७, उरलेले ९ सांध्याची हालचाल व व्यंग यांना. दैनंदिन व्यवहारांत पायमोजे व बूट घालण्यास ४, खुर्चीवर तासभर बसण्यास ५, जिना चढण्यास ४, सार्वजनिक वाहनात चढण्यास १. हे पत्रक बोस्टनच्या माणसासाठी उत्तम आहे. त्यात मांडी घालणे नाही, उकिडवे बसणे नाही, पाटावरून उठणे नाही. मागील बाजूने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर गोळा निखळू नये म्हणून नव्वद अंशांपलीकडे वाकू नये आणि पायावर पाय टाकू नये, असे निदान आरंभीचे काही महिने बजावले जाते. मांडी व उकिडवे बसणे यांवर पुष्कळदा कायमचीच बंदी येते. खुर्चीवर बसणाऱ्या समाजात ही सूचना एक सावधगिरी असते. आपल्याकडे तिने पंगत, कीर्तन, देवघर आणि शौचकूप या सगळ्यांना हात घातला जातो. मराठीत ‘मांडी’ हा शब्द अवयवाचाही आहे आणि बैठकीचाही, हे येथे सूचक आहे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीस मुक्कामाला येते, तेव्हा चार पावले बरोबर चालू शकणारा पण भजनाला खाली बसू न शकणारा मनुष्य हॅरिसच्या पत्रकात जवळजवळ पूर्ण गुण मिळवील.

आता शब्दांकडे वळू. वेदनेच्या शब्दांचा पद्धतशीर संग्रह करण्याचे श्रेय माँट्रियलच्या रोनाल्ड मेलझॅक यांना द्यावे लागते. १९७५ साली त्यांनी ७८ विशेषणांचे २० गट पाडून प्रश्नावली सिद्ध केली. आपल्या भाषेची या बाबतीतील संपत्ती कमी नाही. कळ येते, चमक मारते, सणक जाते, ठणका लागतो, रग लागते, अवयव ठसठसतो, अवघडतो, आखडतो. यांत केवळ तीव्रतेचा भेद नाही. कळ क्षणिक आणि हालचालीची, रग श्रमाची, ठणका मात्र स्वस्थ पडल्यावरही, रात्रीही चालू राहतो, आणि परंपरेने तो गळवाचा शब्द आहे. कृत्रिम सांध्याच्या बाबतीत विश्रांतीतही न थांबणाऱ्या वेदनेवरून डॉक्टर जंतुसंसर्गाची शंका घेतात. उठल्यावर पहिल्या काही पावलांना होणाऱ्या आणि मग ओसरणाऱ्या वेदनेवरून सांधा सैल झाल्याची. दुसऱ्या प्रकारास आपल्याकडे ‘पहिली चार पावले पाय धरतो’ असे म्हणतात. हे वाक्य ज्याने ऐकले आणि ‘दुखते’ एवढेच टिपले, त्याने निदानाचा अर्धा पुरावा टाकून दिला.

जागेचे शब्द याहून घोटाळ्याचे आहेत. संस्कृतात ‘जङ्घा’ म्हणजे घोटा व गुडघा यांमधील भाग, पोटरीची बाजू. हिंदीत ‘जाँघ’ म्हणजे मांडी. आजच्या मराठीत ‘जांघ’ म्हणजे मांडी जेथे धडाला मिळते ती घडी. एकच शब्द तीन भाषावस्थांत पायावरून वर वर चढत गेला आहे. व्युत्पत्तीच्या वर्गात ही मौजेची गोष्ट आहे. अस्थिरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात ती मौजेची राहत नाही. कृत्रिम खुब्यानंतर मांडीत दुखत असेल तर संशय हाडाच्या पोकळीत रोवलेल्या दांड्याकडे जातो. जांघेत दुखत असेल तर वाटीकडे, किंवा तिच्या कडेवर घासणाऱ्या स्नायूकडे. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले कामगार हजारोंनी आहेत. असा कामगार ‘जाँघ में दर्द’ म्हणतो आणि मराठी परिचारिका ‘जांघेत दुखते’ असे लिहून घेते, तेव्हा दोघेही प्रामाणिक असतात आणि नोंद चुकीची होते. हिंदी ‘कूल्हा’ म्हणजे खुबा. मराठी ‘कुल्ला’ म्हणजे ढुंगण, आणि तो शब्द चारचौघांत उच्चारण्याचा नव्हे. मराठी माणसाची अडचण वेगळी. खुबा हा शब्द त्यास ठाऊक असतो, पण तो बाजूच्या उंचवट्यावर हात ठेवून ‘कंबर’ म्हणतो आणि मणक्याच्या तपासणीस पाठविला जातो. खुद्द खुब्याच्या सांध्याची वेदना तर पुष्कळदा जांघेत उमटते व गुडघ्यापर्यंत उतरते, त्यामुळे बोट ठेवलेली जागा आणि मूळ जागा यांतही अंतर पडते.

नोंदीचा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही, हे महाराष्ट्राने एका प्रकरणात पाहिले. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डेप्यू या कंपनीचा एएसआर नावाचा धातूवर धातू घासणारा कृत्रिम खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलाविण्यात आला. तोवर तो सुमारे ९३,००० रुग्णांना बसविला गेला होता आणि पाच वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलेल्यांचे प्रमाण १२ ते १३ टक्के आढळले होते. घर्षणातून कोबाल्ट व क्रोमियम यांचे कण रक्तात व भोवतालच्या मांसात उतरत. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली मुंबईत माहीम पोलीस ठाण्यात तक्रार नोंदविली, आणि या राज्याच्या प्रशासनाने केंद्राच्या आधी हालचाल केली ही नमूद करण्यासारखी गोष्ट आहे. केंद्र सरकारने डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली ती २०१७ साली. तिने २०१८ च्या अहवालात किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली. पुढे ठरलेल्या सूत्रानुसार ती १ कोटी २३ लाखांपर्यंत जाऊ शकत होती. परंतु सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. सांध्यावर क्रमांक कोरलेला असतो. तो ज्याच्या शरीरात आहे त्याचा पत्ता मात्र कोणी जपून ठेवला नव्हता. त्या माणसांपैकी कित्येकांना दुखत असेल, आणि ते वयाचे दुखणे आहे असे त्यांना वाटत असेल, हा तर्क करण्यास फार धाडस लागत नाही.

कारण आपल्याकडे दुखणे ‘अंगावर काढण्याची’ रीत आहे. या वाक्प्रचारास नेमका पर्याय मला इतर भाषांत सहज सापडला नाही. त्यात सहनशीलता आहे, खर्चाची भीती आहे आणि बुडणाऱ्या मजुरीचा हिशेबही आहे. भारतात खुबा बदलण्याचे एक मोठे कारण म्हणजे रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचा गोळा मरणे. हा रोग उतारवयाची वाट पाहत नाही. चाळिशीच्या आतबाहेरचा मनुष्य नवा खुबा घेऊन आठ तासांच्या पाळीवर उभा राहतो, कंपनीच्या बसची उंच पायरी चढतो, मोटारसायकलवर टांग टाकतो. (आकुर्डीची जुनी स्कूटर या बाबतीत अधिक दयाळू होती, तिच्यावर पाय पलीकडे फेकावा लागत नसे.) अशा माणसाची नुकसानभरपाई ठरविणारा १९२३ चा कायदा पाहिला तर त्याच्या परिशिष्टात अवयव कोठून तुटला यावर टक्के दिले होते. न तुटलेल्या, पण दुखणाऱ्या पायास त्या तक्त्यात ओळ नव्हती.

उपायांच्या इतिहासात एक जुनी गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. १९५६ साली वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकी शल्यविशारदाने काठी फेकून देऊ नका अशा अर्थाच्या मथळ्याखाली एक भाषण प्रसिद्ध केले. एका पायावर उभे राहिले असता खुब्यावर शरीराच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट भार येतो, कारण बाजूच्या स्नायूंना तोकड्या तरफेने सारे धड तोलावे लागते. काठी विरुद्ध हातात धरली तर तिची तरफ लांब पडते आणि थोड्या जोराने पुष्कळ भार उतरतो. आपल्याकडे काठी दुखऱ्या बाजूलाच धरण्याकडे कल दिसतो. मुळात ती धरण्याचीच लाज वाटते, कारण ‘हातात काठी आली’ याचा अर्थ म्हातारपण आले असा होतो. पन्नाशीच्या कामगारास काठी पटवून द्यावयाची तर तरफेचा नियम सांगावा. यंत्रावर काम केलेल्यास तो एका वाक्यात कळतो. बाजूच्या स्नायूंचा नेमाने व्यायाम, पायांच्या लांबीत फरक पडला असल्यास बुटात उंची, बसण्यास उंच आसन, आणि दुखणे नवीन असेल, वाढत असेल किंवा ठणक्याचे असेल तर विनाविलंब तपासणी, हे उरलेले उपाय. काहींच्या बाबतीत सांधा निर्दोष असतो आणि वर्षानुवर्षांच्या वेदनेने मज्जासंस्थाच तीव्र झालेली असते. ती वेदना खरी आहे. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने १९७९ ची आपली व्याख्या २०२० साली सुधारली, तेव्हा वेदनेविषयी मनुष्य जे सांगतो त्याचा आदर व्हावा असे टिपेत स्पष्ट केले.

मराठीत वेदनेचा कर्ता मनुष्य नसतो. ‘मी दुखतो’ असे आपण म्हणत नाही. ‘माझा पाय दुखतो’ किंवा ‘मला कळ येते’ असे म्हणतो. माणूस षष्ठीत वा चतुर्थीत राहतो, वेदना त्याच्याकडे येते. केसपेपरावर मात्र ‘वेदना : आहे / नाही’ असे दोनच पर्याय छापलेले असले, की येणे, जाणे, धरणे, सुटणे ही सारी क्रियापदे गळून पडतात. पिंपरी-चिंचवडमधील पालिकेच्या रुग्णालयांत आणि मोहननगरच्या कामगार विमा रुग्णालयात मराठी, हिंदी, कन्नड आणि उर्दू बोलणारे रुग्ण एकाच रांगेत बसतात. खुबा, जांघ, मांडी, कंबर व कुल्ला या पाच शब्दांचा, या चार भाषांतील अर्थांसह आणि शरीराच्या आकृतीवर खुणा करून, एक पानाचा तक्ता तयार करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याचे एका सत्राचे काम आहे. त्यासाठी अस्थिरोग विभागातील एका अध्यापकाचे सहकार्य पुरेल.